पन्नास वर्षे आणि चौदा दिवस

इसवी सन ९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात कुर्तुबा शहरात खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याचे निधन झाले. कुर्तुबा म्हणजे आजच्या स्पेनमधले कॉर्डोबा. स्पेनच्या या मुस्लिम राज्याला त्या काळी अंदलुस म्हणत. खलिफाचे वय सत्तर होते आणि त्यातली जवळजवळ पन्नास वर्षे त्याने राज्य केले होते. मृत्यूनंतर त्याच्याच हस्ताक्षरातली एक नोंद सापडली, असे इतिहासकार सांगतात. आपल्या कारकिर्दीतला कोणता दिवस निखळ आनंदात गेला, तो कोणत्या वर्षीचा, कोणत्या महिन्यातला, हे त्याने त्या कागदावर टिपून ठेवले होते. ते दिवस मोजले तेव्हा चौदा भरले.

ही हकीकत मी दरवर्षी नववीच्या वर्गात एकदा तरी सांगतो. ती अभ्यासक्रमात नाही, पण एखादा तास रिकामा मिळाला की सांगतो. मुले हसतात. ‘सर, पन्नास वर्षांत चौदाच?’ असे विचारतात. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने वेगळाच प्रश्न विचारला. ‘सर, कोणते चौदा दिवस?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इतिहासकारांनी आकडा दिला, दिवस दिले नाहीत. पण माणसाचे आयुष्य आपल्यासमोर आहे. त्याला काय काय हवे होते आणि ते केव्हा मिळाले, हे तारीखवार सांगता येते. मग त्या तारखांमध्ये ते दिवस शोधून बघायला काय हरकत आहे?

सुरुवात त्याच्या जन्मापासून करू. अब्दुर्रहमानचा जन्म ८९१ चा. तो काही आठवड्यांचा असतानाच त्याच्या वडिलांचा खून झाला आणि तो केला काकाने. आजोबा, म्हणजे अमीर अब्दुल्लाह, तख्तावर होते. या पोरक्या नातवाला त्यांनी आपल्या देखरेखीखाली वाढवले. त्याची आई मुजना ही ख्रिस्ती घरातून आलेली दासी होती आणि आजी पाम्प्लोनाच्या ख्रिस्ती राजघराण्यातली. गोरा रंग, निळे डोळे असा हा अरब राजपुत्र होता. वडिलांच्या खुनाच्या सावलीत वाढलेल्या मुलाला सर्वांत आधी काय हवे असेल? जीव सुरक्षित असावा, एवढेच ना?

ते त्याला मिळाले, आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त मिळाले. ९१२ साली आजोबा वारले आणि हयात असलेल्या काकांना ओलांडून एकवीस वर्षांच्या या नातवाला तख्त मिळाले. काकांनी मुकाट्याने बैअत केली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. हिजरी सन नुकते तीनशे झाले होते. नवे शतक, नवा अमीर. पहिला आनंदाचा दिवस हाच असेल, असे वाटते.

पण त्या तख्ताखाली राज्य किती होते? कुर्तुबाच्या वेशीबाहेर थोडे अंतर गेले की अमीराचा हुकूम चालत नसे. सेव्हिल वेगळे, टोलेडो वेगळे, बडाहोस वेगळे. दक्षिणेच्या डोंगरात बोबास्त्रो नावाच्या किल्ल्यावर उमर बिन हफ्सून तीस वर्षे बंड करून बसला होता. तेव्हा तख्त मिळाले त्याच दिवशी दुसरी इच्छा जन्माला आली, ती म्हणजे हरवलेले राज्य परत मिळवण्याची.

ही इच्छा त्याने ज्या जिद्दीने पुरी केली तिला तोड नाही. ९१३ मध्ये सेव्हिल हाती आले. बिन हफ्सून ९१८ च्या सुमारास मेला, पण त्याचे मुलगे आणखी दहा वर्षे लढत राहिले. ९२८ मध्ये बोबास्त्रो पडला. ९३० मध्ये बडाहोस आणि दोन वर्षांच्या वेढ्यानंतर ९३२ मध्ये टोलेडो. वीस वर्षे घोड्याच्या पाठीवर गेली. आजोबांच्या हातून निसटलेले सारे नातवाने परत आणले.

दरम्यान तिसरी इच्छा आली होती. समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेत फातिमी घराण्याने स्वतःची खिलाफत जाहीर केली होती. बगदादला अब्बासी खलिफा होताच. मग उमय्यांच्या वारसाने नुसते अमीर का राहायचे? ९२९ च्या जानेवारीत कुर्तुबाच्या जामा मशिदीतल्या जुम्म्याच्या खुतब्यात त्याचे नाव खलिफा म्हणून घेतले गेले. किताब घेतला ‘अन-नासिर लिदीनिल्लाह’, अल्लाहच्या धर्माचा साहाय्यकर्ता. हाही एक दिवस धरू.

म्हणजे पहिल्या वीस वर्षांत जीवाची सुरक्षा, तख्त, राज्य आणि सर्वोच्च किताब अशा चार मोठ्या इच्छा पुऱ्या झाल्या. आपल्यापैकी कुणालाही यातली एक मिळाली असती तर आयुष्यभर पुरली असती, असे आपल्याला वाटते. त्यालाही तख्तावर बसण्याआधी तसेच वाटले असेल.

आता पुढचे बघा. ९३९ साली खलिफाने उत्तरेच्या ख्रिस्ती राज्यांवर मोठी स्वारी काढली. तिला नाव दिले ‘गजवतुल कुदरा’, सर्वसामर्थ्याची मोहीम. नावातच काय ते आले. हरून हरून शिकलेला माणूस असे नाव देत नाही. वीस वर्षे जिंकत आलेला माणूस देतो. सिमांकासजवळ लिओनचा राजा रामिरो दुसरा आणि त्याच्या मित्रांनी या फौजेची वाताहत केली. खलिफा कसाबसा जीव घेऊन निसटला. त्याची कुराणाची प्रत आणि त्याचे चिलखत शत्रूच्या हाती पडले.

कुर्तुबाला परतल्यावर त्याने पळून आल्याचा ठपका ठेवून आपल्याच सुमारे तीनशे स्वारांना सुळावर चढवले. त्यानंतर आयुष्यभर तो कधीही स्वतः मोहिमेवर गेला नाही.

मला या प्रसंगातला पराभव तितकासा बोलका वाटत नाही, त्यानंतरचा सूड जास्त बोलका वाटतो. ९१२ मध्ये त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हते, तेव्हा त्याने शरण आलेल्या बंडखोरांना माफी देऊन आपल्या फौजेत घेतले होते. ९३९ मध्ये त्याच्याकडे सगळे होते, तेव्हा एका हरलेल्या लढाईसाठी तीनशे माणसे मारली. जे मिळवले ते आता राखायचे होते, आणि राखणदाराला झोप कमी असते.

मग हौस आली. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना हा शब्द मला नेहमी थांबवतो. मराठीतली ‘हौस’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आली. मूळ शब्द ‘हवस’. उर्दूत हवस म्हणजे लालसा, अनावर हाव. तोच शब्द मराठीच्या घरात येऊन निरागस झाला. लेकराची हौस, लग्नाची हौस, साडीची हौस. हौसेला मोल नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. एकाच शब्दाची ही दोन टोके किती जवळ आहेत, ते अब्दुर्रहमानच्या बांधकामात दिसते.

कुर्तुबापासून सात-आठ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी, ९३६ मध्ये त्याने एक नवे शहर उभारायला घेतले होते. नाव मदिना अज-जहरा. खलिफाच्या लाडक्या दासीचे नाव जहरा होते आणि तिच्यासाठी हे शहर बांधले, अशी गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली. आजचे अभ्यासक ती दंतकथा मानतात. नव्या खलिफाला साजेशी राजधानी हवी होती, हे कारण पुरेसे आहे. डोंगर उतारावर तीन पायऱ्यांत वसवलेले हे शहर लांबीला सुमारे दीड किलोमीटर आणि रुंदीला पाऊण किलोमीटर होते. वर महाल, मध्ये बागा आणि कचेऱ्या, खाली वस्ती आणि मशीद. जुने ग्रंथ सांगतात की रोज दहा हजार मजूर राबत, चार हजारांहून जास्त खांब उभे राहिले, संगमरवर आफ्रिकेहून आणि थेट कॉन्स्टँटिनोपलहून आला. राज्याच्या महसुलाचे तीन भाग करत. एक फौजेला, एक खजिन्यात आणि एक या बांधकामाला.

एका दालनात पाऱ्याने भरलेला हौद होता म्हणतात. पाहुणा आला की खलिफा गुलामाला इशारा करायचा. गुलाम पारा हलवायचा, उन्हाचे कवडसे भिंतींवर विजेसारखे पळायचे आणि अख्खे दालन गरगर फिरते आहे असे वाटून पाहुण्याची छाती दडपायची. हा खेळ पहिल्यांदा बघताना खलिफाला मजा आली असणार. विसाव्यांदा बघताना तो पाऱ्याकडे बघत होता की पाहुण्याच्या चेहऱ्याकडे? माझा अंदाज, चेहऱ्याकडे. वस्तूची गंमत आपल्यापुरती संपली की ती दुसऱ्याच्या डोळ्यांत शोधावी लागते. घरात नवा सोफा आला की पहिले आठ दिवस आपण त्यावर बसतो आणि नंतर पाहुण्यांना बसवतो, तसेच हे.

या बांधकामात खलिफा इतका गुंतला की लागोपाठ तीन जुम्मे तो मशिदीत आला नाही. त्या वेळी मुंजिर बिन सईद अल-बल्लूती नावाचा काझी होता. बोलण्यात धारदार आणि स्वभावाने निर्भय. पुढच्या जुम्म्याला खलिफा समोर बसलेला असताना त्याने खुतब्याची सुरुवातच कुराणातल्या आद जमातीच्या उल्लेखाने केली. उंच उंच जागी मिरवण्यासाठी वास्तू उभारणारे आणि आपण इथे कायम राहणार असे समजणारे ते लोक. नाव कुणाचेही घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती.

खलिफा दुखावला. या माणसामागे पुन्हा जुम्म्याची नमाज पढणार नाही, अशी शपथ त्याने घेतली आणि नमाजसाठी कुर्तुबाच्या मशिदीत जाऊ लागला. मुलगा अल-हकम म्हणाला, त्याला पदावरूनच काढून का टाकत नाही? त्यावर खलिफाने मुलालाच झापले. मुंजिरसारख्या सज्जन आणि विद्वान माणसाला काढायचे, ते कशासाठी? वाट चुकलेल्या माझ्या मनाची समजूत काढण्यासाठी?

म्हणजे त्याला कळत होते. पुढे एकदा त्याने एका घुमटावर सोन्याचांदीची कौले बसवली आणि दरबाऱ्यांना विचारले, असे काम कुणा बादशाहाने केल्याचे ऐकले आहे का? सगळ्यांनी वाहवा केली. मुंजिर आला, मान खाली घालून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी दाढीवर ओघळू लागले. सैतान तुमच्यावर इतका स्वार होईल असे वाटले नव्हते, असे तो म्हणाला आणि त्याने चांदीच्या छपरांचा उल्लेख असलेली कुराणातली आयत ऐकवली. खलिफा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने ती कौले उतरवून साधी बसवण्याचा हुकूम दिला.

कौले बसवली तो दिवस त्या कागदावर असेल की उतरवली तो? मी वर्गात हे विचारले तेव्हा मुले बराच वेळ भांडली.

घरातली गोष्ट यापेक्षा वाईट आहे. खलिफाने थोरल्या अल-हकमला वारस नेमले होते. दुसरा मुलगा अब्दुल्लाह, धर्मशास्त्राचा अभ्यासक. वारसाहक्काच्या वादातून तो कटात सामील झाल्याचा आरोप आला आणि ९५० च्या सुमारास खलिफाने पोटच्या मुलाला मृत्युदंड दिला. ज्याचे वडील भावाच्या हातून मारले गेले, त्याने तख्त राखण्यासाठी मुलाला मारले. वारस अल-हकम तरी सुखी होता का? त्याला तख्त मिळाले तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि तोवर त्याला एकही मूल नव्हते. उमेदीची सगळी वर्षे बापाच्या सावलीत वाट बघण्यात गेली. पुढे ९७६ मध्ये तोही गेला तेव्हा मागे होता दहा-अकरा वर्षांचा मुलगा. सत्ता वजिराच्या हाती गेली आणि घराण्याची उतरण तिथूनच सुरू झाली.

बाहेरून मात्र शेवटची वर्षे म्हणजे नुसते वैभव होते. जर्मनीचा राजा ओट्टो याचा वकील आला. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने औषधी वनस्पतींवरचा ग्रीक ग्रंथ भेट पाठवला. ९५८ मध्ये तर नियतीने कमालच केली. लिओनच्या सांचो राजाला लठ्ठपणामुळे घोड्यावरही बसता येईना, म्हणून सरदारांनी त्याला गादीवरून काढले. त्याची आजी, पाम्प्लोनाची राणी टोडा, नातवाला घेऊन उपचारासाठी कुर्तुबाला आली. खलिफाचा यहुदी वैद्य आणि मुत्सद्दी हसदाई बिन शपरूत याने सांचोला बारीक केले आणि खलिफाच्या फौजेने त्याला त्याची गादी परत मिळवून दिली. हा सांचो कोण? सिमांकासला खलिफाची दाणादाण उडवणाऱ्या रामिरोचा मुलगा. आणि टोडा ही नात्याने खलिफाच्या वडिलांची सावत्र बहीण, म्हणजे त्याची आत्या. शत्रूचा मुलगा दारात आला, हात जोडून आला, आणि दुरावलेल्या नात्यातली आत्या त्याला घेऊन आली. मागायला आता काय उरले?

तीन वर्षांनी खलिफा वारला आणि तो कागद निघाला.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ही नोंद आपल्याला ज्या ग्रंथांतून कळते त्यातला इब्न इजारी खलिफानंतर साडेतीनशे वर्षांनी झाला आणि अल-मक्करी साडेसहाशे वर्षांनी. त्यांच्यासमोर जुनी साधने होती, पण चौदा हा आकडा अगदी काटेकोर मानू नये. दहा असतील, तीस असतील. तरी पन्नास चांद्रवर्षे म्हणजे साडेसतरा हजारांहून जास्त दिवस. त्यात फरक पडत नाही.

प्रश्न असा की एवढे सगळे मिळूनही असे का व्हावे? याचे सर्वांत नेमके उत्तर मला त्याच शहरातल्या दुसऱ्या एका माणसाकडे सापडले. इब्न हजमचा जन्म ९९४ चा, कुर्तुबाचाच. त्याचे वडील वजीर होते. बालपण महालासारख्या घरात गेले. तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना अंदलुसमध्ये यादवी माजली. १०१० मध्ये मदिना अज-जहरा लुटले गेले. पायाचा पहिला दगड पडल्याला तेव्हा जेमतेम चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. इब्न हजमच्या घरादाराची धूळधाण झाली आणि १०१३ मध्ये त्याला शहर सोडावे लागले. पुढे त्याने नीतीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की सगळ्या माणसांना एकमुखाने हवी असलेली एकच गोष्ट त्याने शोधली आणि ती त्याला सापडली. ती म्हणजे चिंता दूर करणे. पैसा मिळवणारा गरिबीची चिंता घालवण्यासाठी मिळवतो, कीर्तीमागे धावणारा अपमानाची चिंता घालवण्यासाठी धावतो, ज्ञान मिळवणारा अज्ञानाची. आणि यातली प्रत्येक गोष्ट हाती आली की आपली स्वतःची नवी चिंता घेऊन येते.

अब्दुर्रहमानच्या आयुष्याला हे लावून बघा. जीवाची चिंता तख्ताने घालवली आणि तख्ताने बंडखोरांची चिंता दिली. राज्य आले, तर शेजाऱ्यांची चिंता आली. खलिफापद आले, तर शोभेल अशा राजधानीची चिंता आली. वारस नेमला, तर दुसऱ्या मुलाची भीती आली. इच्छा पुरी होताना माणूस जुन्या ओझ्यातून सुटतो आणि त्या सुटकेलाच आपण आनंद म्हणतो. सुटका क्षणाची असते. नवे ओझे मात्र राहायला येते.

मला स्वतःला हे कळायला बादशाही लागली नाही. बी.एड. झाल्यावर मी शिक्षण सेवक म्हणून लागलो. तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली. कायम झाल्याचा कागद हातात येईल तो दिवस कसा असेल, याची चित्रे मी रोज रात्री रंगवत असे. तो दिवस आला. अब्बांनी स्वतः जाऊन पेढे आणले, मोहल्ल्यात वाटले. संध्याकाळी स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणाले, पुढच्या वर्षी पटसंख्या घसरली तर सेवाज्येष्ठतेत सर्वांत खालचा तूच, अतिरिक्त ठरशील. त्या रात्री मी पटसंख्येचा हिशेब करत जागा होतो. दुपारी मिळालेली नोकरी रात्री जाण्याच्या भीतीने झोप येत नव्हती. अब्बांनी विचारले, ‘बेटा, आता तरी खूश आहेस ना?’ मी हो म्हणालो. खोटे बोललो, हे त्यांनाही कळले असावे.

मग इच्छा करूच नये का? तसे मला वाटत नाही. अब्दुर्रहमानने इच्छा केली नसती तर अंदलुसचे तुकडे तेव्हाच पडले असते. कुर्तुबा युरोपातल्या सर्वांत मोठ्या आणि विद्यासंपन्न शहरांपैकी एक झाले ते त्याच्या आणि त्याच्या मुलाच्या काळात. इच्छा माणसाला उठवते, चालवते. चूक होते ती तिच्याकडून समाधान मागण्यात, कारण ते काम तिचे नाही.

समाधान कशात असते याचा एक धागा याच गोष्टीच्या पुढच्या प्रवासात आहे. चौदा दिवसांची ही हकीकत जगभर पोचली ती एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकारामुळे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा त्याचा ग्रंथ त्याने जवळजवळ वीस वर्षे लिहिला. त्यात खलिफाची ही नोंद देऊन त्याने खाली तळटीप जोडली. तिचा आशय असा की स्वतःपुरते बोलायचे तर माझे आनंदाचे क्षण या खलिफापेक्षा कितीतरी जास्त भरतील, आणि त्यातले पुष्कळ मला हा ग्रंथ लिहिण्याच्या कामातूनच मिळाले. १७८७ च्या जून महिन्यात एका रात्री, लोझान गावातल्या बागेत, त्याने या ग्रंथाचे शेवटचे पान लिहिले. वीस वर्षांची इच्छा पुरी झाली. त्या क्षणाबद्दल आत्मचरित्रात तो सांगतो की आधी सुटल्याचा आनंद झाला आणि लगेच मन उदास झाले, कारण एका जुन्या सोबत्याचा कायमचा निरोप घेतल्यासारखे वाटले. म्हणजे आनंद लिहिण्यात होता. लिहून संपण्यात तो फार टिकला नाही.

हे वाचल्यावर मला अब्दुर्रहमानची पहिली वीस वर्षे वेगळी दिसू लागली. थंडीत वेढा घालून बसलेला पंचविशीतला अमीर कदाचित पाऱ्याच्या हौदाशेजारच्या खलिफापेक्षा सुखी असेल. पण चौदा दिवस वेगळे काढताना त्याने लढाया धरल्या की नाही, कोण जाणे.

मदिना अज-जहराचे पुढे काय झाले तेही सांगतो. लुटीनंतर शहर ओस पडले. खांब, दगड लोकांनी उचलून नेले. पुढच्या शतकांत जवळच्या ख्रिस्ती मठाच्या बांधकामालाही इथलेच दगड लागले. हे काय होते याचाच लोकांना विसर पडला आणि त्या ढिगाऱ्याला ते ‘जुने कॉर्डोबा’ म्हणू लागले. १९११ मध्ये उत्खनन सुरू झाले ते आजही चालू आहे आणि शहराचा बराचसा भाग अजून मातीखालीच आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान दिला.

मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आणखी एक प्रसंग सांगितला. एका वर्षी अंदलुसमध्ये दुष्काळ पडला. काझी मुंजिरला लोकांसह मैदानात जाऊन पावसासाठी नमाज पढवायला सांगण्यात आले. त्याने निरोप्याला विचारले, खलिफा काय करतो आहे? निरोप्या म्हणाला, आज त्यांना जसे पाहिले तसे कधी पाहिले नव्हते. एकटेच बसले आहेत, अंगावर जाडेभरडे कपडे, डोक्यात माती, रडत आहेत आणि म्हणत आहेत, या अल्लाह, माझ्या गुन्ह्यासाठी या लोकांना शिक्षा करू नकोस. ते ऐकून मुंजिर गुलामाला म्हणाला, पावसाचा अंगरखा बरोबर घे. आणि त्या दिवशी पाऊस आला.

मागच्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, ‘सर, हा एक धरा.’

मी धरला. मग सगळ्या वर्गाला चिठ्ठीवर आपला एक आनंदाचा दिवस लिहायला सांगितला. तारखेसह लिहा, म्हणालो. बहुतेकांना तारीख आठवेना. एकाने नव्या मोबाईलचा दिवस लिहिला होता आणि कंसात, आता त्याची काच फुटली आहे, असेही लिहिले होते. बाकीच्या चिठ्ठ्यांत दादी दवाखान्यातून घरी आली तो दिवस होता, वीज गेली आणि सगळे घर गच्चीवर झोपले ती रात्र होती, बाबांनी सायकल धरून मागे पळत शिकवली ती दुपार होती.

घरी आल्यावर मीही कागद घेऊन बसलो. कायम झाल्याचा दिवस लिहावा की नाही, यावर बराच वेळ गेला. शेवटी तो लिहिला नाही. त्याऐवजी त्याच दिवसाची सकाळ लिहिली, अब्बा पेढ्यांचा पुडा सायकलच्या हँडलला अडकवून गल्लीतून येत होते तेवढी. अब्बा आता नाहीत. त्या सकाळी मी दारात उभा होतो, पण त्यांच्याकडे नीट बघितले नव्हते. हातातला आदेश पुन्हा पुन्हा वाचत होतो.